भंगारातून केलेली चामडंकामाची हत्यारं: एक पावसाळा वापरल्यानंतर

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगतो. ज्या हत्याराला एकच धार असते, किंवा जे नुसतं घासायला लागतं, ते भंगारातून बनवलेलं बाजारातल्या स्वस्त मालापेक्षा सरस निघतं. ज्याला मापाचा काटेकोरपणा लागतो, म्हणजे सारख्या अंतरावर भोकं पाडणारा काटा किंवा गोल भोकांचे पंच, ते बनवण्यात सगळे रविवार जातात आणि शेवटी दुकानाची पायरी चढावीच लागते. खाली जे आहे ते या दोन वाक्यांचा तपशील.

मी कोल्हापुरात राहतो, आणि या छंदासाठी यापेक्षा सोयीचं गाव सापडणं अवघड आहे. एका अंगाला चप्पल बनवणाऱ्यांच्या वस्त्या, त्यामुळे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं म्हशीचं चामडं किलोवर मिळतं. दुसऱ्या अंगाला उद्यमनगर, जिथं लेथ, ड्रिल आणि हॅक्सॉ यांच्या शेडमागे रोज पोतंभर चांगलं पोलाद कचऱ्यात जातं. मी बेल्ट, पाकिटं, घड्याळाचे पट्टे आणि एकदोन झोळ्या करतो. बेल्टचं चामडं साडेतीन मिलिमीटरच्या आसपास, पाकिटाचं शेळीचं, जेमतेम एक मिलिमीटर. हत्यारांची परीक्षा या दोन टोकांवरच होते. मधल्या जाडीत कुठलंही हत्यार चालून जातं.

सगळ्यात खूश मी रापीवर, म्हणजे चामडं कापायच्या-तासायच्या सुरीवर आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात.

रापीसाठी मी पॉवर हॅक्सॉचं झिजलेलं पातं वापरलं. हाताच्या करवतीचं नव्हे, मशीनवर लोखंडी बार कापायला लावतात ते रुंद पातं. जाडी दीड ते दोन मिलिमीटर. दात गेले की शेडवाल्याला ते नकोसं होतं. यात एक गोम आहे. काही पाती आरपार हायस्पीड स्टीलची असतात, तर काहींना फक्त दातांची कड हायस्पीडची आणि पाठ मऊ स्प्रिंग स्टीलची असते. दुसऱ्या जातीच्या पात्यापासून रापी केली तर नेमकी धारेच्या जागी मऊ पाठ येते. ओळखायची रीत सोपी: आरपार कडक पातं वाकत नाही, टचकन तुटतं. दुहेरी पातं कमानीसारखं वाकून परत सरळ होतं. तोडताना पात्यावर जाड गोणपाट टाकावं आणि डोळ्यांना चष्मा लावावा, कारण तुकडा कुठं उडेल याचा नेम नसतो.

हायस्पीड स्टीलचा खरा फायदा घरगुती कामात कळतो. साध्या कार्बन पोलादाला ग्राइंडरवर धार लावताना कड निळी पडली की ती जागा तीनशे अंशांच्या वर गेली आणि पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, असं समजायचं. मग सगळं पुन्हा तापवून पाणी द्यायचं. हायस्पीडला पाचशे-साडेपाचशे अंशांपर्यंत फारसा फरक पडत नाही, कारण ते मुळात लालबुंद होईपर्यंत तापणाऱ्या कटिंग टूलसाठीच बनवलेलं असतं. भट्टी नाही, तेल नाही, पाणी देणं नाही. आहे त्या कडकपणातच घासायचं. एकच पथ्य: तापलेलं पातं गार करायला पाण्यात बुडवू नये, बारीक चिरा जातात. हवेत ठेवावं आणि तोवर चहा घ्यावा.

धार एकाच बाजूनं, साधारण वीस अंशांची. आधी ग्राइंडर, मग सपाट ग्रॅनाइटवर वॉटर पेपर चिकटवून चारशेपासून दोन हजार नंबरापर्यंत. शेवटी लाकडी पट्टीवर चिकटवलेल्या चामड्याच्या उलट्या बाजूला स्टीलचं पॉलिश करणाऱ्यांकडची हिरवी वडी घासून त्यावर ओढायची. ही धार बेल्टच्या चामड्यावर किती टिकते? एका बैठकीत दोन-तीन बेल्टांची टोकं तासून झाली की पट्टीवर पाचसहा हात मारावे लागतात, बस्स. दगडावर पुन्हा न्यायची वेळ महिन्यातून एखाद्या वेळी. ऑनलाइन मागवलेली, चकचकीत लाकडी मुठीची एक रापी माझ्याकडे आधीपासून होती. ती एका बेल्टमध्येच रुसते, म्हणून आता पार्सलचे खोके फोडायला वापरतो.

मुठीचा प्रश्न येतो. हायस्पीडला घरच्या ड्रिलनं भोक पडत नाही, त्यामुळे रिबीट मारून लाकडी मूठ बसवता येत नाही. पात्याच्या टोकाला मशीनवर अडकवायचं मूळ भोक असतं, तेच मी मुठीच्या बाजूला ठेवलं, त्यातून एक खिळा घेतला आणि वरून चामड्याची ओली वादी घट्ट गुंडाळली. सुकल्यावर ती अशी आवळते की हलायचं नाव नाही. सुभाषनगरातल्या एका कारागीर मामांना ही रापी दाखवली. त्यांनी अंगठ्याच्या नखावर धार बघितली, शेळीच्या चामड्याची कड एका ओढीत तासली आणि म्हणाले, "धार ब्येस लावलीया पावणं, पर पातं लई लांब ठेवलंयसा. रापी मुठीत बसाय पायजे, बोटं पात्यापतूर याय पायजेत." त्यांच्या सांगण्यावरून पातं चार बोटं आखूड केलं आणि फरक लगेच जाणवला. मनगटाऐवजी बोटांनी कोन धरता येतो आणि पाकिटाच्या घडीची कड कागदाइतकी पातळ करता येते.

तक्रार एकच. हे पोलाद ठिसूळ आहे. फरशीवर पडलं की कोपरा उडतो, आणि उडालेला कोपरा भरून काढायला अर्धी संध्याकाळ जाते. तेव्हा रापीला जागा हवी, आणि ती जागा चामड्याची म्यान नको. का ते पुढं सांगतो.

आरीची, म्हणजे शिवणीची भोकं पाडायच्या टोच्याची, गोष्ट वेगळी. शिवणकामाच्या आरीचा छेद शंकरपाळ्याच्या आकाराचा लागतो, म्हणजे टाका तिरपा आणि देखणा बसतो. त्यासाठी सोनारकामातली झिजलेली सुई-कानस उत्तम. सराफांच्या गुजरीत विचारलं तर जुन्या कानशी कुणी ना कुणी देऊन टाकतं, हुपरीच्या चांदी कारागिरांकडे तर डबेच्या डबे असतात. त्रिकोणी किंवा चौकोनी कानस घासून शंकरपाळी छेद करायचा. पण कानस मुळात इतकी कडक असते की आरी म्हणून आडवा जोर आला की मोडते. उपाय घरात होता: केक भाजायचा ओव्हन. सव्वादोनशे-अडीचशे अंशांवर तासभर ठेवलं की वर सोनेरी, मग तपकिरी झाक येते. ती झाक म्हणजेच पोलाद थोडं नरमलं, पण धार धरण्याइतकं कडक राहिलं याची खूण. आधी पृष्ठभाग वॉटर पेपरनं चकचकीत करून घ्यायचा, नाहीतर रंग दिसत नाही. आणि ओव्हनमध्ये त्या दिवशी केक नसावा, हे वेगळं सांगायला नको.

त्या ओव्हननंतर आरी मोडलेली नाही. साडेतीन मिलिमीटरचे दोन पदर एकावर एक ठेवून ती आरपार जाते. टोकाला मेण लावलं तर आणखी सहज. मूठ मोडक्या लाटण्याची. लाटण्याच्या टोकाला जी गाठ असते ती तळहातात अशी बसते की जणू त्यासाठीच बनवली होती. हे हत्यार मी कुणाला दहापट पैशातही देणार नाही.

आकड्याची आरी, म्हणजे दोरा खेचून आणणारी, ती मात्र शिलाई मशीनच्या जाड सुईपासून केली. सुईच्या नेढ्याची एक भिंत घासून काढली की आकडा तयार होतो. जोडा शिवणारे हीच युक्ती वर्षानुवर्षं छत्रीच्या काडीवर करत आलेत. माझं बहुतेक काम दोन सुयांच्या शिवणीचं, त्यामुळे ही आरी वर्षात थोडीच बाहेर निघाली. चालते, एवढंच म्हणतो.

छत्रीच्या काडीवरून आठवलं. काडीचा छेद इंग्रजी यू अक्षरासारखा असतो, आणि तिचं पोलाद बऱ्यापैकी स्प्रिंगचं असतं. टोक तिरपं घासून आतल्या पन्हळीला धार दिली की बेल्टची कड मोडायचं हत्यार तयार. कोपरा पन्हळीत बसवून पुढं ढकलायचं, चामड्याची सुतासारखी सळी निघत जाते आणि कड गोल होते. पहिल्यांदा ती सळी अखंड निघाली तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. उत्साह कुणी दाखवला नाही. या हत्याराचं आयुष्य कमी: एक बेल्ट, फार तर दीड, मग दोऱ्याला हिरवी वडी चोळून तो पन्हळीतून मागेपुढे ओढायचा. पण दर जूनला गल्लीतल्या छत्रीदुरुस्तीवाल्याकडे काड्यांचा ढीग पडलेला असतो, तेव्हा चार करून ठेवल्या की झालं. पैसे शून्य.

आता निराशेचा भाग.

टाक्यांची अंतरं पाडायला जेवणाचा काटाचमचा घासून वापरावा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. मीही वाढपाचा जाड स्टीलचा काटा घेतला, दात टोकदार केले. शिवल्यावर बघितलं तर ओळीला एक लय आहे: तीन टाके सारखे, चौथा रुंद, पुन्हा तीन सारखे. व्हर्नियर लावला तेव्हा दातांमधली अंतरं अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वेगळी निघाली. जेवायला याचा काही फरक पडत नाही. पण शिवणीत डोळ्याला तेच दिसतं, आणि एकदा दिसलं की दुसरं काही दिसत नाही. मीटरभर बेल्टच्या दोन्ही कडांना चार मिलिमीटरच्या अंतरानं पाचशे टाके पडतात. त्यातल्या सव्वाशे वेळा ती चूक दिसत राहते. कानशीनं अंतर सारखं करायला गेलं की दात बारीक होतात आणि वाकतात. स्टेनलेसच्या काट्याला कार्बन पोलादासारखं पाणी देता येत नाही, तेव्हा तो मार्ग बंद.

यापेक्षा शाळेच्या कंपासपेटीतला डिव्हायडर चांगला. एक टोक घासून बोथट गोल केलं की कडेपासून सारख्या अंतरावर रेघ ओढतो. दुसऱ्या, जुन्या डिव्हायडरनं चार मिलिमीटर धरून रेघेवर पावलं टाकत जायचं आणि प्रत्येक खुणेवर आरी. पाकिटाला हे परवडतं, किंबहुना याच पद्धतीनं केलेली शिवण माझ्याकडची सगळ्यात सुबक आहे. बेल्टला नाही परवडत. शेवटी चार मिलिमीटरचा सहा दाती काटा विकत घेतला आणि त्याबद्दल मनात काही खेद नाही.

पंचांचं तसंच. मोडक्या ट्रान्झिस्टरची एरियल म्हणजे एकात एक बसणाऱ्या पितळी नळ्या, वेगवेगळ्या व्यासाच्या, पंचासाठी आयत्या असं वाटतं. शेळीच्या चामड्यावर, खाली लाकडाचा उभ्या रेषांचा ठोकळा ठेवून, त्या स्वच्छ भोक पाडतात. बेल्टच्या चामड्यावर तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला नळीचं तोंड कर्ण्यासारखं उमलतं. पितळ ते, किती सहन करणार? मग स्प्रिंग पिना वापरून बघितल्या. कडक पोलादाच्या, पोकळ, एका बाजूनं चिरलेल्या, मशीनच्या भंगारात भरपूर. त्या टिकतात, पण चीर असते तिथं चामडं कापलं जात नाही आणि भोकाच्या कडेला एक टोक लोंबत राहतं. पंच थोडा फिरवून दुसरा ठोका दिला तर तेही कापलं जातं. घाईत चालेल, नेहमीसाठी नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे साधे पोकळ पंच, आतून थोडी धार सुधारून, यापेक्षा किती तरी बरे.

ठसे करायला मोठ्या बोल्टांची डोकी कानशीनं कोरली. नक्षी ओल्या चामड्यावर छान उमटते. इथं कडकपणाची गरजच नाही, मऊ लोखंड चालतं. मात्र जस्ताचा मुलामा असलेले बोल्ट तापवू नयेत, त्याचा धूर छातीला वाईट.

ठोकायला मोगरी लागते. आधी बैलगाडीच्या चाकाचा बाभळीचा आरा कापून डोकं केलं होतं. वजन झकास, आवाजही गोड, पण पोलादी पंचावर मारून मारून दोन्ही तोंडं खाल्ली गेली आणि उन्हाळ्यात उभी चीर गेली. त्यापेक्षा उद्यमनगरातला पांढऱ्या नायलॉन रॉडचा उरलेला तुकडा सरस. पंचाहत्तर मिलिमीटर व्यास आणि दहा सेंटिमीटर लांबी म्हणजे वजन बरोबर अर्ध्या किलोच्या आसपास येतं. पंच उसळत नाही, आवाज कमी, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या काकूही खूश. बाभळीचा आरा वाया गेला नाही, त्याच्या एका फळीत खाचा पाडून शिवताना चामडं धरायचा चिमटा केला.

खाली ठेवायला ग्रॅनाइट. कुठंही नवं स्वयंपाकघर होत असेल तर तिथल्या मिस्त्रीला विचारावं: ओट्यात सिंकसाठी जे भोक पाडतात त्याचा कापलेला चौकोन बहुतेक वेळा तसाच पडून असतो. एका बाजूनं आरशासारखा सपाट, वजनदार. तोच माझा ठोकायचा पाट, तोच धार लावायचा दगड आणि तोच चामडं तासायचा ओटा. कडप्पा घेऊ नये, त्याच्या पापुद्र्या सुटतात.

घासायच्या हत्यारांत मी सगळ्यात कमी कष्ट घेतले आणि सगळ्यात जास्त सुख मिळालं. जुन्या पलंगाच्या शिसवी पायाचा तुकडा ड्रिलच्या चकमध्ये धरून त्याला वेगवेगळ्या रुंदीच्या खाचा पाडल्या. कडेला कतिरा डिंकाचं पातळ पाणी लावून त्या खाचेत जोरानं घासलं की कड तापते आणि काचेसारखी होते. सागवान यासाठी बरं नाही, त्याचे उघडे धागे चामड्यावर रेघा पाडतात. लाडवातला डिंक वापरून बघितला. उन्हाळ्यात चकाकतो, पण कड कडक होऊन तडकते आणि पावसाळ्यात चिकट होते. कतिरा बरा. क्रोमनं कमावलेल्या बाजारू चामड्यावर यातलं काहीच चालत नाही, तिथं रंगच लावावा लागतो.

चामड्याच्या आतल्या, केसाळ बाजूला गुळगुळीत करायला काय वापरतो ते ऐकून हसाल. सरकारी टेबलावर असतो तसा काचेचा जाड, घुमटाकार पेपरवेट. जुन्या सामानाच्या लिलावात खुर्च्यांबरोबर आलेला. सपाट बूड आणि मुठीत मावणारा घुमट. आतला बुडबुडा सोडला तर या कामासाठी विकल्या जाणाऱ्या महागड्या काचेत आणि यात काही फरक मला दिसला नाही. फायली दाबण्यापेक्षा इथं त्याचा जास्त उपयोग होतोय.

आता ती म्यानाची गोष्ट, आणि ही कुणी आधी सांगितली असती तर एक चांगला बेल्ट वाचला असता. हिरड्या-बाभळीनं कमावलेल्या चामड्यात टॅनिन भरपूर असतं. ओल्या चामड्याला लोखंडाचा स्पर्श झाला की निळसर काळा डाग पडतो, आणि तो पुसला जात नाही. पूर्वी हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, यांची शाई करत, तीच ही रसायनक्रिया. त्यामुळे ग्राइंडरची धूळ जिथं उडते त्या टेबलावर चामडं ओलं करायचं नाही. कण डोळ्याला दिसतही नाहीत, पाणी लागलं की दुसऱ्या दिवशी काळे ठिपके उमटतात. लिंबाच्या रसानं फिके होतात, पूर्ण जात नाहीत. मी आता हत्यारं गच्चीत घासतो आणि चामडं खाली खोलीत कापतो, मध्ये हात साबणानं धुतो. याच कारणानं रापी चामड्याच्या म्यानात ठेवायची नाही. जुलैच्या दमट हवेत म्यानातलं पातं गंजतं आणि म्यानही काळी पडते. शिलाई मशीनच्या तेलाचा हात आणि जुन्या पुठ्ठ्याची खोळ, एवढं पुरतं. हायस्पीड गंजत नाही असा समज असेल तर काढून टाका, कोल्हापूरच्या पावसात सगळं गंजतं.

भंगार ओळखायचं कसं, हे लोक विचारतात. पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात, मुंबईत असाल तर चोर बाजारात चक्कर मारताना खिशात छोटी चांगली कानस ठेवावी. तुकड्यावर कानस सरकून गेली, पकडली नाही, तर तो कडक. घरी आणल्यावर ग्राइंडरवर ठिणग्या बघाव्यात: कार्बन जास्त असेल तर पिवळ्या आणि टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात, हायस्पीडच्या तांबूस, मंद आणि न फुटणाऱ्या, साध्या लोखंडाच्या लांबलचक आणि कमी फुटणाऱ्या. दोनचार वेळा बघितलं की नजर बसते. स्वस्तातल्या नव्या कानशींपासून सावध. त्यातल्या काही वरवरच कडक असतात, आत मऊ लोखंड. घासत गेलं की धार आत जाते आणि संपते.

अजून एक हत्यार व्हायचं बाकी आहे, ते म्हणजे अर्धचंद्राची मोठी रापी, गोल वळणं कापायला. त्यासाठी जुन्या, कार्बाइडची टोकं नसलेल्या लाकूडकापीच्या गोल करवतीचं ताट हवं आहे, निदान दीड मिलिमीटर जाडीचं आणि न गंजलेलं. वखारीतून आता सगळीकडे कार्बाइडचीच ताटं निघतात. शिरोली, इचलकरंजी किंवा सांगलीच्या बाजूला कुणाकडे जुनं पडलेलं असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन.